पायाच्या नसांचं दुखणं: आधी नस नेमकी कुठे दुखावलीय ते शोधा, गोळ्यांचं नंतर बघू

रात्री सगळं घर झोपलंय आणि आपण पलंगाच्या कडेला बसून तळवे चोळतोय, कधी आग आग होतेय, कधी कुणी सुई टोचून पळून गेल्यासारखं, कधी अंगठ्यातून करंट गेल्यासारखं, आणि वरून पांघरूण नुसतं टेकलं तरी सहन होत नाहीये... हे ज्यांच्याबरोबर रोज होतं त्यांच्यासाठी लिहितेय. मी यात सहा वर्षं काढलीत. त्यातली पहिली दोन फुकट गेली, कारण मी फक्त "दुखणं थांबवायला काय घेऊ" एवढंच विचारत राहिले. नस कुठे दुखावलीय आणि कशामुळे, हे ना मी विचारलं ना कुणी आपणहून सांगितलं.

सुरुवातीलाच शब्दाचा एक घोळ मिटवू. आपण "नस" म्हणतो ते रक्तवाहिनीलाही आणि मज्जातंतूलाही. पोटरीत गोळा आला की "नस चढली", पायावर निळ्या रेघा उठल्या की "नसा फुगल्या", कंबरेतून कळ आली की "नस दबली". तिन्ही आजार वेगळे, तिघांचे डॉक्टरही वेगळे. त्यामुळे तपासायला गेल्यावर नुसतं "नस दुखते" म्हणू नका. जळजळतं, टोचतं, मुंग्या येतात, बधिर वाटतं, करंट लागतो, यातलं काय होतं ते सांगा. मज्जातंतूचं दुखणं याच शब्दांत बोलतं, आणि त्यात एक गंमत असते (गंमत कसली म्हणा), की जिथे आग होते तिथेच हात लावला तर स्पर्श नीट कळत नाही.

पहिलं काम: नकाशा काढा

कागदावर दोन्ही पाय काढा, वरून आणि तळव्याकडून. चित्र वाईट आलं तरी चालेल. आठवडाभर रोज रात्री दुखतं तिथे लाल आणि बधिर वाटतं तिथे निळं रंगवा, बाजूला ० ते १० मध्ये मार्क द्या आणि कशाने वाढलं कशाने कमी झालं ते दोन शब्दांत लिहा. हे पोरकट वाटतं पण माझ्या निदानात रिपोर्टांपेक्षा या कागदाचा उपयोग जास्त झाला, कारण दुखण्याची जागाच बरंच काही सांगते.

दोन्ही पायांत, बोटांच्या टोकांपासून सुरू होऊन हळूहळू मोजा चढवल्यासारखं वर सरकत असेल तर ती पेरिफेरल न्यूरोपॅथी, म्हणजे हातापायांच्या मज्जातंतूंचा बिघाड, असण्याची शक्यता जास्त. बोटांपासूनच का, तर पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरात सगळ्यात लांब, कंबरेपासून निघून जवळजवळ मीटरभर जातात. रक्तात साखर जास्त असो, व्हिटॅमिन कमी असो की दारूचा परिणाम असो, पहिला फटका सगळ्यात लांबच्या टोकाला बसतो. मग बधिरपणा गुडघ्याच्या आसपास पोचला की साधारण तेव्हाच हाताच्या बोटांतही मुंग्या सुरू होतात.

एकाच पायात, तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधे दुखतं, चालताना बुटात खडा अडकल्यासारखं वाटतं, बूट काढून झटकला तर खडा नसतोच, आणि बूट काढून बोटं चोळली की बरं वाटतं? हा मॉर्टन्स न्यूरोमा असू शकतो. थॉमस मॉर्टन या अमेरिकन सर्जनने १८७६ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून ते नाव. न्यूरोमा ऐकून लोक घाबरतात, पण ही कॅन्सरची गाठ नाही, घासून दाबून नसेभोवतीचा भाग जाड झालेला असतो एवढंच. चिंचोळ्या टोकाचे बूट आणि हिल्स याचे खास मित्र.

घोट्याच्या आतल्या हाडामागे दुखत असेल, तिथे बोटाने टिचकी मारली की तळव्यात झिणझिण्या जात असतील, आणि जास्त वेळ उभं राहिल्यावर तळवा जळत असेल तर टार्सल टनेल सिंड्रोम असू शकतो. मनगटात नस दबते तसाच प्रकार, फक्त घोट्यात.

आणि पाय दुखतोय पण गुन्हेगार कंबर आहे असंही खूपदा होतं. कंबर किंवा कुल्ल्यापासून कळ खाली येते, खोकलं शिंकलं की वाढते. पायाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याकडे जात असेल तर एल-५ ची नस (कंबरेच्या पाचव्या मणक्याजवळून निघणारी), बाहेरच्या कडेला करंगळीकडे जात असेल तर एस-१ ची (तिच्या लगेच खालची). इथे तळव्याला कितीही क्रीम चोळलं तरी काय होणार.

दोन गोष्टी मज्जातंतूच्या वाटतात पण नसतात. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेत कळ येते आणि चार पावलं चाललं की सैल पडते, ती बहुतेक वेळा प्लँटर फॅशिआयटिस, म्हणजे तळव्यातला पट्टा दुखावलेला. आणि ठराविक अंतर चाललं की पोटरी भरून येते, नुसतं उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत थांबते, तिथे रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो, पायाची नाडी तपासून घ्यायची. उभं राहून नाही थांबत पण बसलं किंवा पुढे वाकलं की थांबतं, तर परत कंबरेकडे बघायचं.

घरी करायची एक चाचणी

इप्सविच टच टेस्ट म्हणून एक साधी चाचणी आहे, उपकरण लागत नाही. तुम्ही डोळे मिटून झोपा. घरातल्या कुणीतरी दोन्ही पायांच्या अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा टोकांना आपल्या बोटाने हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या नाहीत, आणि कळलं नाही म्हणून परत लावायचं नाही. स्पर्श कळला की तुम्ही डावा की उजवा ते सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायाची संवेदना कमी झालीय असं धरून डॉक्टरला दाखवा. चप्पल पायातून निसटते आणि कळतच नाही, ही खूण तर घरातल्यांना आपल्या आधी दिसते.

डॉक्टरकडे गेल्यावर

तिथे १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडाला लावून बघतात. रक्तात एचबीएवनसी (गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२, थायरॉईड, किडनी, लिव्हर, आणि कारण सापडत नसेल तर प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तात काही वेगळं प्रोटीन आहे का ते बघणारी टेस्ट). बी-१२ ची टेस्ट गोळ्या सुरू करायच्या *आधी* करा. मी उलटं केलं, आधी चार महिने गोळ्या खाल्ल्या, मग रिपोर्ट नॉर्मल आला, आणि मुळात किती कमी होतं हे कधी कळलंच नाही.

नर्व्ह कंडक्शन टेस्ट नॉर्मल आली म्हणजे तुम्ही नाटक करताय असं नाही. ती टेस्ट जाड तंतूंचं काम मोजते. आग आणि टोचणं वाहून नेणारे तंतू बारीक असतात, ते तिच्यात दिसतच नाहीत. फक्त बारीक तंतू बिघडले असतील तर रिपोर्ट चकाचक आणि माणूस रात्रभर जागा. तेव्हा कातडीचा बारीक तुकडा काढून तपासता येतो, पण तो सगळ्यांनाच लागत नाही.

कारणावर इलाज, हा भाग कंटाळवाणा आहे पण वगळू नका

डायबेटिस हे न्यूरोपॅथीचं सगळ्यात मोठं कारण. साखर आटोक्यात आणल्याने नसांचं पुढचं नुकसान कमी होतं, टाइप १ मध्ये हा फायदा ठळक दिसतो, टाइप २ मध्ये तेवढा नाही, तिथे वजन, कोलेस्टेरॉल, सिगरेट यांचाही हिशोब लागतो. पण एक इशारा, जो मला फार उशिरा कळला: बरेच दिवस खूप वाढलेली साखर एकदम झपाट्याने खाली आणली, म्हणजे ३ महिन्यांत एचबीएवनसी २ अंकांपेक्षा जास्त उतरवला, तर काही लोकांना उलट जोरदार नसदुखी सुरू होते. घाबरून औषध बंद करायचं नाही, डॉक्टरला सांगायचं, सहसा काही महिन्यांत ती ओसरते.

मेटफॉर्मिन (डायबेटिसची नेहमीची गोळी) बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं, ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्यांनीही होतं. आणि आपण मात्र सगळं खापर साखरेवर फोडून बसतो. बी-१२ ची कमतरता म्हणजे भरून काढता येणारं कारण, ते नजरेतून सुटणं हे सगळ्यात वाईट.

आता बी-६ बद्दल जरा चिडूनच लिहिते. "नसांची ताकद" म्हणून ज्या कॅप्सूल लोक मनानेच घेतात त्यात बी-१२ सोबत बरेचदा बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिनही असतं, आणि ते जास्त डोसमध्ये दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात. म्हणजे मुंग्यांसाठी घेतलेली गोळीच मुंग्या आणते, मुंग्या वाढल्या म्हणून माणूस दोन घेतो. डब्यामागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, आणि वेगवेगळ्या दोन-तीन गोळ्यांत बी-६ असेल तर बेरीज करून डॉक्टरला दाखवा.

बाकी दारू, काही केमोची औषधं, थायरॉईड, किडनीचे आजार हेही कारण असू शकतं. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि नेमकी तीच जागा बधिर असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, लाजू नका, औषधाने तो पूर्ण बरा होतो आणि लवकर पकडला तर नसाही वाचतात.

गोळ्या: काय अपेक्षा ठेवायची

साधी पॅरासिटामॉल किंवा सुजेवरच्या पेनकिलर इथे फारशा चालत नाहीत, आणि पेनकिलर रोज खाल्ल्या तर किडनीचं नुकसान वेगळंच. नसेच्या दुखण्यात बिघाड सिग्नलमध्ये असतो, म्हणून सिग्नल शांत करणारी औषधं देतात, जी मुळात डिप्रेशनसाठी किंवा फिट्ससाठी निघालेली आहेत. चिठ्ठीवर ते वाचून "मला वेड लागलंय असं समजले की काय" म्हणून मी पहिली चिठ्ठी फाडून टाकली होती. तसं करू नका.

मुख्य चार नावं: ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटिन, प्रेगाबालिन, गॅबापेंटिन. यातलं कुठलं भारी, तर डायबेटिसच्या नसदुखीवर २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका ब्रिटिश ट्रायलमध्ये पहिली तिन्ही साधारण सारखीच निघाली, आणि एकाने भागलं नाही तेव्हा दुसरं जोडल्यावर अजून आराम पडला. मग निवड होते ती साइड इफेक्ट बघून. ॲमिट्रिप्टिलीन रात्री १० मिलीग्रॅमने सुरू करतात, झोप छान लागते पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, आणि हृदयाचा, काचबिंदूचा किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल, वय जास्त असेल तर आधी सांगायलाच हवं. ड्युलॉक्सेटिन ३० मिलीग्रॅमवरून ६० वर नेतात, पहिला आठवडा मळमळतं, जेवणासोबत घेतलं की कमी. प्रेगाबालिन आणि गॅबापेंटिनने चक्कर, गुंगी, पायावर सूज, वजन वाढणं होऊ शकतं, किडनी कमजोर असेल तर डोस कमी लागतो, आणि दारू किंवा अफूवर्गातल्या पेनकिलरसोबत घेतलं तर श्वास मंदावण्याचा धोका असतो.

तीन नियम. डोस हळूहळू वाढवायचा. पुरेशा डोसवर चार ते सहा आठवडे द्यायचे, तीन दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडायचं नाही. आणि यातलं कुठलंही एका झटक्यात बंद करायचं नाही. अपेक्षा म्हणाल तर दुखणं तिसऱ्या हिश्शाने ते निम्म्याने कमी झालं म्हणजे औषध लागू पडलं. माझं ७ वरून ३ वर आलं. शून्य कधीच नाही झालं, पण ३ मध्ये झोप लागते.

वरून लावायचं म्हणाल तर लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा ५ टक्क्यांचा पॅच छोट्या जागेसाठी बरा. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतला तिखट पदार्थ, त्याचं ०.०७५ टक्क्यांचं क्रीम दिवसातून तीन-चारदा काही आठवडे नेमाने लावावं लागतं. पहिले काही दिवस उलट आग वाढते, त्यातच निम्मे लोक सोडतात. लावल्यावर हात साबणाने धुवा आणि तरीही डोळ्याला लावू नका, हे मी अनुभवाने सांगतेय. जखमेवर, भेगेवर तर अजिबात नाही. ८ टक्क्यांचा कडक पॅचही असतो, पण तो दवाखान्यातच लावतात, पायाला अर्धा तास, आणि लागलाच तर तीन महिन्यांनी परत.

रात्र कशी काढायची

रात्री दुखणं वाढतं कारण दिवसभर डोक्याला दुसरी कामं असतात आणि रात्री पाय आणि आपण दोघंच उरतो. पांघरूण सहन होत नसेल तर पायथ्याला पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं ठेवून पांघरूण त्याच्यावरून घ्या, पाय आत मोकळे. इतकी साधी गोष्ट, पण मला कुठल्याही क्रीमपेक्षा जास्त उपयोगी पडली. आग होत असेल तर पंख्याचा वारा पायावर सोडा. बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसू नका, तेवढ्यापुरतं स्वर्ग वाटतं पण बधिर कातडी त्यात खराब होते. गरम पाण्याची पिशवी आणि हीटिंग पॅड तर पूर्ण बंद, भाजतं आणि सकाळी फोड दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. मऊ, शिवण बाहेर येईल असे उलटे घातलेले मोजे काहींना बरे वाटतात. रात्रीच्या गोळीची वेळ डॉक्टरला विचारून तासभर अलीकडे घेता येते का बघा, म्हणजे दुखणं चढायच्या आत तिचा असर सुरू होतो.

बूट आणि पॅड

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, पुढचा भाग रुंद. नवीन बूट पहिल्या दिवशी तासभरच घालायचे आणि काढून लालसर ठिकाण आहे का बघायचं. संवेदना कमी असलेली माणसं बरेचदा *घट्ट* बूट घेतात, कारण घट्ट असल्याशिवाय पायात काही आहे असं वाटतच नाही.

मॉर्टन्स न्यूरोमावाल्यांनी मेटाटार्सल पॅड (पंज्याखाली लावायची छोटी गादी) वापरून बघावा, पण तो दुखऱ्या जागेखाली लावायचा नाही, तिच्या जरा मागे, टाचेच्या बाजूला. हाडं थोडी फाकून नसेला जागा मिळावी यासाठी तो असतो. ऐन जागेखाली लावला तर दुखणं दुप्पट, आणि मग लोक म्हणतात पॅडने काही होत नाही. यानेही नाही भागलं तर स्टेरॉइडचं इंजेक्शन, अगदी शेवटी ऑपरेशन, आणि नस काढून टाकली तर दोन बोटांच्या बेचक्यात कायमचा बधिरपणा राहतो हे आधी माहीत असू द्या.

रोज दोन मिनिटं पायाला

आता जे सांगतेय ते बहुतेक जण चुकवतात. दुखणं कमी झालं म्हणजे पाय बरा झाला असं नाही. नस सुधारत असेल तरी दुखणं कमी होतं, आणि नस पूर्ण मरत चालली तरी दुखणं कमी होतं. फरक ओळखायचा तर तो लाल-निळा नकाशा दर तीन महिन्यांनी परत काढा. लाल कमी होऊन निळं वाढत असेल तर ती खुशखबर नाही.

म्हणून रोज रात्री पाय बघायचे, तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून, आणि नजर कमी असेल तर घरातल्यांना बघायला सांगून. बोटांच्या मधे, टाचेच्या भेगा, फोड, लालसरपणा. पाय कोमट पाण्याने धुवायचे, पाणी पायाने नाही तर कोपराने तपासायचं, तासन्‌तास भिजवायचे नाहीत, टिपून कोरडे करायचे, क्रीम तळव्याला आणि टाचेला लावायचं पण बोटांच्या बेचक्यात नाही, तिथे ओल राहून बुरशी येते. नखं सरळ कापा. कुरूप, भोवरी ब्लेडने कापू नका, कुरूपाचं ॲसिडवालं औषधही नको. घरातसुद्धा अनवाणी नाही, आणि बूट घालण्याआधी हात आत घालून बघायचं.

थोडा व्यायाम

चालणं चांगलं, जखम नसेल तर. घोट्याची वर्तुळं, पोटरीचा स्ट्रेच, बोटं पसरणं-आवळणं. बधिर पायाने तोल जातो, विशेषतः अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटल्यावर, म्हणून भिंत किंवा ओटा धरून एका पायावर दहा-दहा सेकंद उभं राहायचा सराव करा आणि रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा ठेवा. कारण दूर केल्यावरही धीर लागतो, तुटलेला तंतू परत वाढतो तो साधारण दिवसाला १ मिलीमीटर. घोट्यापासून बोटांपर्यंत पंधरा-वीस सेंटिमीटर धरले तर सहा महिने असेच जातात, तेही सगळं नीट जुळून आलं तर.

यात थांबायचं नाही, लगेच जायचं

लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेत, बैठकीच्या जागी बधिर वाटायला लागलं. पाऊल अचानक लुळं पडलं, चालताना फरफटतंय. काही तासांत-दिवसांत अशक्तपणा पायातून वर चढतोय. जखम काळी पडतेय, वास येतोय, ताप आहे, किंवा पाय एकदम गार आणि पांढरट पडलाय. हे सगळं त्याच दिवशीचं काम.

आणि एक फसवं. बधिर पाय एका बाजूने अचानक सुजला, लाल झाला, पण दुखत फारसं नाही. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पायांना लावून बघा, सुजलेला पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर ती शार्को फूटची सुरुवात असू शकते. आतल्या आत हाडं मोडत असतात आणि वरून मुरगळल्यासारखं दिसतं, सुरुवातीच्या एक्स-रेतही कधीकधी काही दिसत नाही. दुखत नाही म्हणून लोक त्यावर चालत राहतात आणि पायाचा आकारच बदलून जातो. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या पायावर भार टाकायचा नाही, बाथरूमपर्यंतसुद्धा नाही.